शेगडी बदलली, धूर कुठे गेला?

जुने घर खनिज इंधनावरून स्वच्छ ऊर्जेवर कसे आणावे, या प्रश्नाचे उत्तर अलीकडे फार सोपे करून सांगितले जाते. गॅसची शेगडी काढून विजेची आणा, छपरावर सौर पटले बसवा, की झाले घर स्वच्छ! केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘गो इलेक्ट्रिक’ मोहिमेत विजेच्या वाहनांबरोबर विजेवरच्या स्वयंपाकाचाही पुरस्कार होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली आणि एक कोटी घरांच्या छपरांवर वीज निर्माण करण्याचे उद्दिष्ट ठरले. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत पुठ्ठ्याचे ‘हरित घर’ तर आता नेमाने असते. उतरते लाल छप्पर, त्यावर निळी पटले, दारात एक झाड.

हे उत्तर चुकीचे आहे असे नाही. ते अपुरे आहे आणि त्यातील पायऱ्यांचा क्रम उलटा आहे, एवढेच या लेखात दाखवायचे आहे. पुठ्ठ्याच्या घरात ही उणीव दिसत नाही. खऱ्या जुन्या घरात ती चटकन दिसते. म्हणून आपण मुंबईतील शीव कोळीवाडा ही वस्ती डोळ्यांसमोर ठेवू.

वस्ती आणि तिची वीज

शीव हे मुंबई बेटाचे उत्तरेकडील टोक. ‘बेस्ट’ची वीज इथपर्यंतच येते; शीव-माहीमच्या पलीकडे उपनगरांत दुसऱ्या कंपन्यांचे जाळे सुरू होते. कोळ्यांच्या मूळ वस्तीने या भागाला नाव दिले. फाळणीनंतर सिंध-पंजाबातून आलेल्या निर्वासितांसाठी इथे इमारती बांधल्या गेल्या. हार्बर मार्गावरचे इथले ‘कोळीवाडा’ स्टेशन पुढे ‘गुरू तेगबहादूर नगर’ झाले. कोळीवाड्याची घरे, चाळी, निर्वासितांच्या इमारती आणि म्हाडाच्या वसाहती अशी जुन्या घरांची बहुतेक सारी रूपे इथे आढळतात. पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीतला स्वतंत्र बंगला तेवढा सहसा आढळत नाही.

या वस्तीपासून आग्नेयेला, सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटरवर, माहुल-तुर्भ्याचा किनारा आहे. तिथे १९५० च्या दशकाच्या मध्यावर दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले आणि १९५५ च्या सुमारास मुंबईच्या स्वयंपाकघरांत सिलिंडरचा गॅस येऊ लागला. जुन्या पिढीतील माणसे त्याला ‘बर्शेन’ म्हणत. त्याच किनाऱ्यावर १९५६ साली टाटांचे तुर्भे औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले. आज त्याची क्षमता ९३० मेगावॉट असून तिचा मोठा भाग आयात केलेल्या दगडी कोळशावर चालतो. म्हणजे शेगडी गॅसची असो की विजेची, इथल्या स्वयंपाकघराची वाट पुष्कळदा एकाच किनाऱ्याकडे जाते.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. मुंबईला स्वच्छ वीज नवी नाही. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. सह्याद्रीत साठवलेले पावसाचे पाणी पोलादी नळांतून खाली सोडायचे आणि त्यावर परळ-लालबागच्या गिरण्या चालवायच्या, अशी ही योजना होती. तोवर गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. म्हणजे मुंबईने खनिज इंधनाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याचा एक मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच केला होता. पुढे शहराची भूक वाढली, पाणी तेवढेच राहिले आणि वाढीव मागणी तेल, वायू व कोळसा यांनी भरून काढली. यातून मिळणारा धडा असा, की ऊर्जेचा स्रोत बदलला पण मागणीकडे दुर्लक्ष झाले, तर जुने इंधन मागच्या दाराने परत येते.

‘स्वच्छ’ म्हणजे कुठे स्वच्छ?

पाठ्यपुस्तकांत आणि तक्त्यांवर लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल ही ‘अस्वच्छ’ इंधने, तर गॅस व वीज ही ‘स्वच्छ’ असे दोन रकाने असतात. या वर्गीकरणात दोन निराळ्या मोजपट्ट्या एकत्र केलेल्या आहेत. पहिली मोजपट्टी स्वयंपाकघरातल्या हवेची. दुसरी संपूर्ण वातावरणाची.

पहिल्या पट्टीने मोजले, तर रॉकेलचा स्टोव्ह जाऊन गॅस येणे ही निर्विवाद सुधारणा होती. काजळी आणि सूक्ष्म कण यांपासून घरातल्या बाईची व मुलांची सुटका झाली. मात्र गॅसची ज्योतही सर्वस्वी निर्दोष नसते. तिच्या उष्णतेने हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या, एकच खिडकी असलेल्या खोलीत ती साचतात आणि दम्याच्या रुग्णाला त्रास देतात. न्हाणीघरात बसवलेला गॅसचा गिझर याहून घातक. बंद जागेत ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने माणसे दगावली आहेत. तेव्हा घरातल्या हवेपुरते बोलायचे, तर विजेची शेगडी गॅसपेक्षा चांगली, यात वाद नाही.

दुसऱ्या पट्टीचे उत्तर वेगळे येते. हे गणित फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅस जळला की सुमारे ४६ मेगाज्यूल, म्हणजे १२.८ युनिट उष्णता मिळते. (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, अर्थात ३.६ मेगाज्यूल.) पूर्ण सिलिंडरची उष्णता झाली सुमारे १८० युनिट. जुन्या शेगडीवर यांतील ६० टक्के भांड्यात जाते असे धरू. म्हणजे १०८ युनिट खरोखर उपयोगी पडली. इंडक्शन शेगडीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर तेवढ्याच स्वयंपाकाला सुमारे १२७ युनिट वीज लागेल. इथपर्यंत विजेची सरशी आहे.

आता कार्बन डायऑक्साइड मोजू. प्रोपेनच्या ४४ ग्रॅममधून १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. ब्यूटेनचेही प्रमाण जवळजवळ तेच. म्हणजे गॅसच्या तिप्पट. सिलिंडरमागे सुमारे ४३ किलो. आणि वीज? भारतातील सर्व प्रकारच्या वीजनिर्मितीची सरासरी काढली, तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १२७ युनिटांचा झाला ८९ किलो. सिलिंडरच्या दुप्पट!

कारण अवघड नाही. कोळशावरच्या केंद्रात जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच विजेत रूपांतरित होते. उरलेली समुद्रात आणि हवेत जाते. शेगडीवर आपण उष्णताच वापरतो. उष्णतेपासून वीज आणि विजेपासून पुन्हा उष्णता, हा द्राविडी प्राणायाम महागच पडणार. शिवाय तेवढीच उष्णता मिळवताना कोळशातून गॅसपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो.

या हिशेबात कोळशाची खाण, गॅसची आयात, तारांमधील गळती या गोष्टी धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, निष्कर्ष उलटणार नाही. तसेच देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो. परकीय चलनाच्या दृष्टीने विजेचा पुरस्कार करणे समजण्यासारखे आहे. पण मग कारण तेच सांगावे. चलन वाचवण्याच्या उपायाला आकाश स्वच्छ करण्याचा उपाय म्हणून सादर करणे हे विज्ञानशिक्षणात बसत नाही.

धूर दूर गेला म्हणजे संपला, ही समजूत माहुलच्या रहिवाशांनी महागात अनुभवली आहे. शहरातील प्रकल्पांमुळे बेघर झालेली कुटुंबे तिथे पाठवली गेली. कारखाने आणि रसायनांच्या साठवण टाक्यांमुळे तिथली हवा आरोग्याला घातक असल्याची त्यांची तक्रार न्यायालयात गेली, आणि आणखी कुटुंबांना तिथे सक्तीने पाठवू नये असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. एका घरातली स्वच्छता दुसऱ्याच्या दारातल्या हवेवर उभी असू शकते, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

क्षमता आणि वीज यांतील फरक

यावर एक आक्षेप हमखास येईल. देशातील निम्मी वीज आता कोळशाशिवाय तयार होते, असे २०२५ मध्ये वाचले होते, त्याचे काय? वाचनात गल्लत झाली आहे. २०२५ च्या मध्यावर निम्म्यावर गेली ती स्थापित क्षमता. प्रत्यक्ष वीज नव्हे. सौर केंद्र रात्री चालत नाही, कोळशाचे केंद्र चालते. त्यामुळे क्षमता निम्मी असली तरी वर्षभरात तयार होणाऱ्या विजेत बिगर-खनिज वाटा साधारण पावच असतो. क्षमता आणि ऊर्जा, किलोवॉट आणि किलोवॉट-तास, यांतील फरक नववी-दहावीत शिकवला जातो. तो वर्तमानपत्र वाचताना उपयोगी पडत नसेल, तर शिकवण्यात काहीतरी राहिले आहे.

मात्र या आक्षेपात एक खरा मुद्दाही आहे. विजेचे जाळे वर्षागणिक स्वच्छ होत जाणार. गॅसची शेगडी आहे तशीच राहणार. वरच्या उदाहरणात युनिटमागे कार्बन डायऑक्साइड ०.३४ किलोच्या खाली आला, की विजेची शेगडी दोन्ही मोजपट्ट्यांवर जिंकेल. म्हणजे हा बदल टाकाऊ नाही. त्याची वेळ जाळ्याच्या प्रगतीशी बांधलेली आहे. घराघरांत शेगड्या वाटून ती प्रगती आपोआप होत नाही.

पहिली पायरी छताखाली आहे

मग आज काय करावे? नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने दोन कार्यक्रम एकदमच जाहीर केले: २० लाख इंडक्शन शेगड्या आणि एक कोटी कार्यक्षम पंखे. शेगडीची चर्चा अधिक झाली. वास्तविक मुंबईच्या घरात पंख्याचे मोल जास्त आहे.

जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. ब्रश नसलेल्या नव्या मोटारीचा पंखा ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. फरक ४५ वॉटचा. कोळीवाड्यातल्या दमट हवेत पंखा दिवसाला पंधरा तास सहज चालतो. महिन्याकाठी एका पंख्यामागे सुमारे २० युनिट वाचतात, दोन पंख्यांमागे ४०. कार्बन डायऑक्साइड वाचला २८ किलो. म्हणजे एका सिलिंडरमधून निघणाऱ्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश! यासाठी भिंत फोडावी लागत नाही, घरमालकाची परवानगी लागत नाही, जेवणाच्या सवयी बदलाव्या लागत नाहीत. अशा उपायाला ‘हरित घरा’च्या प्रतिकृतीत जागा मिळत नाही, कारण तो दिसायला आकर्षक नाही.

दुसरी पायरी तारांची. २००० वॉटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. दोन दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ एवढ्यासाठी ओढलेल्या तारांवर, सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये, ती चालवणे धोक्याचे आहे. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. जुन्या चाळींत मीटरपेट्या जिन्याखाली दाटीने बसवलेल्या असतात, अर्थिंगचा पत्ता नसतो, फ्यूजमध्ये जाड तार अडकवलेली असते. तेव्हा शेगडी आणण्याआधी जाड तार, सोळा अँपिअरचे सॉकेट, खरे अर्थिंग आणि वाढीव मंजूर भार हवा. एका खोलीने हे केले तरी इमारतीची मुख्य तार जुनीच राहते. अठ्ठेचाळीस खोल्यांनी संध्याकाळी सात वाजता एकदम शेगड्या लावल्या तर काय होईल, याचा विचार शेगडीच्या जाहिरातीत नसतो. शेगडीला सवलत आणि तारांना काही नाही, ही धोरणातली उघड त्रुटी आहे.

छप्पर किती जणांचे?

आता सौर पटलांकडे वळू. सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट किंवा अधिक क्षमतेच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे त्याच्यासाठी योजना चांगली आहे. चाळीत मात्र छप्पर सगळ्यांचे असते आणि कुणाचेच नसते. पागडीच्या इमारतीत ते मालकाचे, संस्था नोंदलेली नाही, त्यामुळे अर्ज कुणी करायचा, इथूनच अडते.

कागदाचा प्रश्न सुटला असे समजू. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर १२ खोल्या, अशी ४८ खोल्यांची इमारत घेऊ. गच्ची ३००० चौरस फूट. पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली आणि सावल्या वगळून निम्मी उपयोगी. एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे १५ किलोवॉट बसतील. मुंबईत वर्षाच्या सरासरीने एक किलोवॉट दिवसाला सुमारे चार युनिट देतो. एकूण ६० युनिट. प्रत्येक खोलीच्या वाट्याला दिवसाला सव्वा युनिट, महिन्याला ३७-३८.

दोन पंखे बदलून ४० युनिट वाचली होती. म्हणजे संपूर्ण गच्ची पटलांनी झाकून एका खोलीला जेवढी वीज मिळते, तेवढी पंखे बदलून आधीच मिळालेली आहे. आणि महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घराचा स्वयंपाक विजेवर आणायचा तर हवी आहेत १२७ युनिट, तीही बहुतांशी सूर्य मावळल्यावर. याचा अर्थ गच्ची मोकळी सोडावी असा नाही. पंप, जिन्यातले दिवे आणि थोडी घरगुती वीज त्यातून जरूर निघेल. पण सूर्याची ऊर्जा छपराच्या क्षेत्रफळावर मिळते आणि माणसे मजल्यांवर राहतात, हे साधे भूमितीचे सत्य आहे. एकमजली बंगल्याचे उदाहरण चाळीला लागू पडत नाही.

पाडकाम आणि संधी

जुन्या घरांपुढचा आणखी एक प्रश्न शीव कोळीवाड्यात ठळकपणे दिसतो. निर्वासितांसाठी बांधलेल्या २५ इमारती धोकादायक ठरल्या, महापालिकेने रिकाम्या केल्या आणि पाडल्या. सुमारे १२०० कुटुंबांच्या या वसाहतीचा पुनर्विकास म्हाडामार्फत करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. घर उद्या राहील की नाही हेच ठाऊक नसेल, तर पंचवीस वर्षे टिकणाऱ्या पटलांवर पैसे कोण घालील? आपल्याकडे जुने घर बहुधा सुधारले जात नाही. ते मोडकळीस येते आणि मग पाडले जाते.

म्हणून पुनर्विकास ही खरी संधी आहे आणि तीच वाया जाण्याची भीतीही आहे. चार मजल्यांच्या जागी चोवीस मजले आले, तर गच्चीतला प्रत्येकाचा वाटा सहा पटींनी घटतो. लिफ्ट आणि पंप यांची मागणी मात्र वाढते. भिंती-खिडक्यांमधून आत येणारी उष्णता मर्यादित ठेवण्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ आणली. आरपार वारा, सावलीची छज्जे, प्रत्येक स्वयंपाकघरात जाड तारा, धूर बाहेर काढणारी झडप या गोष्टी आराखड्यात असल्या तर खर्च थोडा. नंतर करायच्या तर भिंती फोडाव्या लागतात. पुनर्विकासाच्या चर्चेत चटईक्षेत्र किती मिळणार हे रहिवासी विचारतात. विजेचे बिल किती येणार, हेही विचारायला हवे.

उरलेली स्वच्छ वीज बाहेरूनच येणार. त्यासाठी वाहिन्या हव्यात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला तेव्हा ही उणीव सर्वांना कळली. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. दुपारची सौर वीज संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी साठवावीही लागेल. भिरा येथे १५० मेगावॉटचा उदंचन संच आहे: वीज मुबलक असते तेव्हा पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडायचे. शंभर वर्षांपूर्वीची जलविद्युत योजना अशी पुन्हा कोळीवाड्यातल्या शेगडीशी जोडता येते. हे काम एकट्या कुटुंबाचे नाही; वीज कंपन्या, नियामक आयोग आणि शासन यांचे आहे. मोहिमांचा सारा रोख मात्र घरातल्या माणसाने काय विकत घ्यावे, याकडे असतो.

तेव्हा क्रम असा लावावा. बंद न्हाणीघरातला गॅसचा गिझर आणि उरलासुरला रॉकेलचा स्टोव्ह आधी काढावा, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. मग पंखे, दिवे, जुना फ्रिज. मग तारा आणि अर्थिंग. त्यानंतर शेगडी, दम्याचा रुग्ण असेल तर ती अलीकडे घ्यावी. गच्चीवरची पटले सगळ्यांनी मिळून, इमारतीचे आयुष्य पाहून.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या विज्ञान प्रदर्शनात लाल छपराच्या बंगल्याऐवजी चार मजल्यांच्या चाळीची प्रतिकृती करायला सांगावी. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील पंख्यांचे वॉट, महिन्याची युनिटे, सिलिंडर किती दिवस पुरतो आणि आपल्या गच्चीखाली किती बिऱ्हाडे राहतात, एवढ्या चार नोंदी आणाव्यात. त्यांवरून वरचे गणित प्रत्येकाने आपल्या घरासाठी मांडावे. उत्तरे वेगवेगळी येतील. ती का वेगळी आली, यावर वर्गात जी चर्चा होईल, तिच्यात या विषयाचे खरे शिक्षण आहे.